बंद डब्यातला ओला खर्रा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. बावीस वर्षं वायरिंग करतो. अंधारी गोदामं, बंद पडलेले बंगले, सगळीकडे एकट्यानं काम केलं... कधी काही जाणवलं नाही. जे टेस्टरला कळत नाही ते नाहीच, एवढं साधं होतं माझं. म्हणून हे लिहिताना लाज वाटते. आणि किळस — ती तर अजून जात नाही.

बेसा गावात एका रिटायर्ड मास्तरांचं नवीन घर होतं. सोबत होमराजभाऊ, माझ्यापेक्षा मोठे, मूळचे नरखेडकडचे, बारा वर्षांपासून माझ्यासोबत. भिंतीत खाचा पाडून आम्ही पाइप टाकले, जंक्शन बॉक्स बसवले, सिमेंट आत जाऊ नये म्हणून बॉक्समध्ये कागद कोंबले. मग प्लास्टर झालं. तीन आठवड्यांनी वायर ओढायला गेलो.

सकाळचे अकरा वाजले असतील. हॉलमधल्या बॉक्समधला कागद काढून बोट आत घातलं, तर काहीतरी मऊ, ओलं... आणि गरम. चघळलेला खर्रा! सुपारीचा चोथा, आणि लाळेची तार माझ्या बोटापासून बॉक्सपर्यंत लोंबत होती. तंबाखू-चुन्याचा तो आंबूस वास... मी खिडकीतून ओकलो.

होमराजभाऊंना खर्रा दिवसभर लागायचा. त्यांना मी नेहमी 'तुम्ही' म्हणतो. त्या दिवशी मास्तरांसमोर ओरडलो, "थुंकाले दुसरी जागा नाही भेटली का तुले? लोकाच्या घरात घाण करून राहिला!"

"मी नाही केलं गा," एवढंच म्हणाले ते, आणि फडक्यानं बॉक्स पुसू लागले.

"मग कोणं केलं? भिंतीनं?"

बेडरूममधला बॉक्स मिस्त्रीनं चुकून प्लास्टरखाली गाडला होता, वरून पुट्टीही झाली होती. होमराजभाऊंनी माप घेऊन छिन्नी मारली. प्लास्टर टणक... कुठे तडा नाही, भोक नाही. खाली बॉक्सचं झाकण, दोन्ही स्क्रू घट्ट. मी स्वतः उघडलं. कागद चिंब, तपकिरी. त्यामागे तसाच गोळा. वर फेस — आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यातला एक बुडबुडा फुटला.

मग होमराजभाऊ माझ्याकडे वळले आणि त्यांनी तोंड उघडलं. उघडलं म्हणजे... जेमतेम एक बोट जाईल एवढंच. आत सगळं पांढरं पडलेलं.

"सहा महिने झाले, खर्रा बंद आहे माहा. नुसतं पातळ वरण पितो. मी बाजूले बसून काहून जेवतो, इचारलं कधी तू मले?"

पाइपमधून आलं असेल म्हणून मी वायर ओढायची स्प्रिंग घालून पाहिली. दुसऱ्या टोकापर्यंत कोरडी ठणठणीत. मास्तरांनी दोन्ही बॉक्स सिमेंटनं बुजवायला लावले, तिथली वायर आम्ही भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नेली. त्या घरात पुन्हा काही निघालं नाही म्हणतात. बोट मात्र मी आठ दिवस साबणानं घासत होतो, जेवण जात नव्हतं.

होमराजभाऊ ते काम संपवून गावी गेले, ते परत आलेच नाहीत. आता संत्र्याच्या बागेत राखणीला असतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना फोन करून माफी मागितली. मग न राहवून विचारलं, "भाऊ, काय असंल हो ते?"

"भिंतीत काय होतं, मले नाही मालूम," ते म्हणाले. "पण तुले पयले माहंच नाव काहून सुचलं गा?"