सातवा बार

माझे वडील विहिरी खोदायचे. खडकात सात सुरुंग ठासले होते, आणि काठावर उभी राहून आई बार मोजत होती. "सहाच झाले, उतरू नका," ती म्हणाली. "शाळेचं तोंड न पाहिलेली तू, मला मोजायला शिकवतेस व्हय? दोन एकदम उडाले असतील," म्हणत वडील हसत खाली गेले. सातवा त्यांच्या पहारीखाली उडाला. त्यानंतर त्यांना कधी दिसलं नाही. आईने खडी फोडून मला शिकवलं.

लांबच्या मशीनवर चालू असलेला प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवणारं एक साधन असतं, डीबगर. तो खरंच थांबवतो का, हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट मी लिहिते. काल पडद्यावर सगळं हिरवं होतं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. तरी मी मोजलं. सात थांबे दिले होते, प्रोग्राम सहाच ठिकाणी थांबला होता. सातव्याबद्दल टेस्टने विचारलंच नव्हतं.

"हिरवं आहे ना मॅडम, सोडा की," शेजारचा सहकारी म्हणाला. जे गप्प आहे ते ठीकच आहे, असं माणसाला किती सहज वाटतं.

मी सोडलं नाही. आता एक थांबा जरी हुकला, तरी टेस्ट लाल होते. ती मी लिहिली आहे, सहापर्यंत बरोबर मोजणाऱ्या बाईच्या पदवीधर मुलीने.