पिकू दे

कस्तुराबाई नर्सच्या तोंडाला लागायची लोणावळ्यात कुणाची छाती नव्हती. पण हा दरारा दवाखान्यापुरता. विधवा बाई, तुंगार्लीच्या खोलीत एकटी. तिथं भांडायलासुद्धा कुणी नव्हतं.

वलवणची मुक्ताबाई मात्र तिच्याशी मनमोकळं बोले. मुक्ताबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अमावस्येला औत बंद, म्हणून लेक सोपान त्या दिवशी तिला दवाखान्यात आणून सोडी. कस्तुराबाई तिला एक डोळा झाकायला लावी आणि दुसऱ्यापुढे मेणबत्ती फिरवी. वरून, खालून, नाकाकडून, कानाकडून. उजेड कुठून येतो ते मुक्ताबाईनं बोटानं दाखवायचं. मग तिच्या पदरातल्या भाजलेल्या शेंगा निघत आणि दोघी दुपारपर्यंत बोलत बसत.

"पिकला का वो, बाई?" जाताना ती विचारी.

"अजून नाही, मावशी. पिकू दे."

मोतीबिंदू पिकल्यावरच पुण्याचे डॉक्टर तो काढत, आणि ते यायचे वर्षातून दोनदा. दिवाळीआधीच मुक्ताबाईचा डावा डोळा पांढराफेक झालेला कस्तुराबाईनं पाहिला होता. पण दिसायला लागल्यावर ही कशाला येईल? तिनं ऑपरेशनच्या यादीत नाव घातलंच नाही. स्वार्थच तो, दुसरं काय म्हणायचं.

माघातल्या अमावस्येला मुक्ताबाई डोकं गच्च धरून आली. डावा डोळा लालभडक झालेला. मेणबत्ती नाकाकडून नेली, कानाकडून नेली. तिचं बोट मांडीवरून हललं नाही.

"लावा की मेणबत्ती, बाई."

मेणबत्ती जळत होती. कस्तुराबाईनं ती खाली ठेवली.

"मावशी, हा कधीच पिकला होता. मीच सांगितलं नाही. तुम्ही यायच्या थांबाल म्हणून."

"फळ झाडावर लय दिस ऱ्हायलं की सडतंच," मुक्ताबाई म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

डावा तर गेला; उजवा डोळाही आता पिकून तयार होता. यादीत तिचं नाव पहिलं लागलं, ऑपरेशन नीट झालं. पुढं जाड भिंगांचा चष्मा आला, तो कस्तुराबाईनंच तिच्या नाकावर चढवला. मुक्ताबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं.

"अशा दिसता व्हय तुमी," एवढंच बोलली आणि सोपानचा हात न धरता पायऱ्या उतरून गेली.

पुढच्या अमावस्येला कस्तुराबाईनं बाकावरचा मुक्ताबाईचा कोपरा दुपारपर्यंत मोकळा ठेवला. मग तिथं एका म्हाताऱ्याला बसवलं, मेणबत्ती फिरवली आणि त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं, "पिकलाय, आबा."