आप्पांच्या सायकलचं कुलूप

मंडळी, सकाळपासून मन खातंय, म्हणून लिहितेय.

धारूरच्या रस्त्यावर ट्रक वाढले म्हणून मी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, जुन्या काळ्या सायकलला कुलूप लावलं आणि हॉलमध्ये व्यायामाची सायकल आणून ठेवली. गुडघे मोकळे होतात, पडायची भीती नाही. स्वतःवर लई खूश होते मी.

आज आप्पा तिच्यावर पायडल मारत होते, तेवढ्यात त्यांचे शाळेतले गुरुजी आले. वाटेत मोठं माणूस दिसलं की सायकलवरून उतरायचं, ही आप्पांची सवय. ते घाईनं उतरून उभे राहिले.

“आरं, बस की! कावून उतरलास?”

“तुमी समोर असताना सायकलवर कसं बसून राहू, गुरुजी?”

“आन् तुझी काळी सायकल?”

“पोरीला भ्या वाटतं. ठिवलीय आत.”

तक्रारीचा एक शब्द नाही. भिंतीकडं तोंड करून पायडल मारणाऱ्या आप्पांना इतके दिवस वाटेत कुणी भेटलंच नव्हतं.

गुरुजी गेल्यावर मी चावी आप्पांच्या हातात दिली.

त्यांनी विचारलं, “कुठवर जाऊ?”

मला सायकल शिकवणारा माणूस माझी परवानगी मागत होता. तुमच्याही घरात असं एखादं कुलूप आहे का?