ब्रेकबाईंचा तोल

ब्रेकबाईंचा तोल पूर्वीही जायचा, पण तो रागाच्या भरात, आणि हडबडून पडायचं ते समोरच्यानं. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी उभी हयात शिकवण्यात घालवली. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. तो त्या नंतर दाबायच्या, आधी तोंडानं "ब्रेक!" असं काही ओरडायच्या की शिकाऊ माणूस तर सोडाच, शेजारून जाणारा सायकलवालाही खाली पाय टेकायचा. त्यावरून हे नाव पडलं. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. गाडी मलाही त्यांनीच शिकवली, त्यामुळे त्यांचं खरं नाव घ्यायची माझी आजही छाती होत नाही.

नवरा टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. दिवसभर त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, आणि त्या घरात भांडणं कमी का, याचं कारण मला तरी तेच वाटतं. मास्तरांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "एका घरात एकच ड्रायव्हर असावा," असं ते टाचण्या काढून सांगायचे आणि पुन्हा टाचण्या लावायचे.

झालं असं, की बाईंची गाडी डावीकडे ओढायला लागली. त्यांनी गॅरेजात नेली. मेकॅनिकनं चाकं तपासली, म्हणाला, गाडी सरळ आहे. आठवड्यानं पुन्हा नेली. त्यानं पुन्हा तपासली. तिसऱ्या खेपेला तो हात पुसत म्हणाला, "बाई, गाडीत काही दोष नाही."

"म्हणजे मी वाकडी आहे का?"

मेकॅनिकही त्यांचाच विद्यार्थी. तो टायरकडे बघत राहिला.

त्याच सुमारास बाईंच्या डाव्या कानात भुंगा गुणगुणायला लागला. फोन आपोआप उजव्या कानाला जायला लागला. एकदा वळणावर त्यांनी स्वतःलाच "ब्रेक!" म्हणून ओरडून घेतलं, तेव्हा मात्र त्यांनी गाडी कडेला लावली आणि चालत, कुंपणं धरत धरत, डॉक्टरांकडे गेल्या.

स्कॅन झाला. कानामागे, तोल सांभाळणाऱ्या नसेवर गाठ निघाली.

"गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण जागा वाईट आहे."

"म्हणजे नो-पार्किंगमध्ये उभी आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आवरेना. "अगदी तसंच. उचलावी लागेल."

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी हातात घेतली होती आणि तिची शिवण ते नखानं उसवत बसले होते.

ऑपरेशन झालं. चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला एक तुकडा तिथंच ठेवून पुढं किरणांनी भाजावा लागला. गाठ गेली ती डावा कान आणि त्या बाजूचा तोल घेऊनच गेली. हे होणार असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. पहिल्यांदा नर्सनं पलंगाच्या काठावर बसवलं तेव्हा बाई किंचाळल्या, "अहो, पलंग धरा!"

"पलंग जागेवर आहे गं."

"मग खोली धरा!"

मास्तरांनी खरंच भिंतीला हात लावला. बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार!

घरी आल्यावर बाईंनी जाहीर केलं की आपण नसताना कोणीतरी फरशी तिरकी करून ठेवली आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवली होती. मास्तरांनी दुकानातून दोऱ्याचं रीळ आणलं आणि फरशीवर आडवं ठेवलं. रीळ तसूभरही हललं नाही. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"रीळसुद्धा तुमच्याच बाजूचं," त्या म्हणाल्या.

मग भिंत धरून चालणं सुरू झालं. स्वयंपाकघरापर्यंत बरं जायचं, पण दारातून बाहेर पडलं की भिंत संपायची, आणि बाई गल्लीत नागमोडी जायच्या. ज्यांना आजाराची खबर नव्हती त्यांनी आपापले निष्कर्ष काढले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मला हळूच विचारलं, "बाई हल्ली सकाळपासूनच घेतात का?" मी ते बाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांचे डोळे मात्र लकाकले. दुसऱ्या दिवशी त्या किराणावाल्याकडे गेल्या, काउंटर घट्ट धरला आणि म्हणाल्या, "एक बाटली द्या. कालची संपली." तो पांढराफटक पडला. मग बाई सावकाश म्हणाल्या, "व्हिनेगरची."

मदतीला म्हणून बाईंची नणंद येऊन राहिली. ही बाई जीव लावणारी, पण सल्ल्यांचं पोतं. हळद लावा, तेल लावा, पायात लोखंड घाला, उताणं झोपू नका, पालथं तर मुळीच नको. बाईंनी जेवायच्या टेबलावर जागा बदलून घेतली आणि नणंदेला आपल्या डाव्या हाताला बसवलं. नणंद तास तास बोलायची, बाई समजूतदारपणे मान डोलवायच्या.

"वहिनी किती सुधारली! पूर्वी एक अक्षर ऐकून घ्यायची नाही," नणंद मला म्हणाली.

बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लोक एका कानानं ऐकतात, दुसऱ्यानं सोडतात. माझा एकच कान उरलाय गं. त्यातून जे आत जातं ते बाहेरच पडत नाही. म्हणून जपून भरायचं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते न्हाणीघरापर्यंत. एका सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि बाई सरळ खाली आपटल्या. तेव्हा कळलं की त्या आजवर पायांवर उभ्याच नव्हत्या, डोळ्यांवर उभ्या होत्या. डोळे मिटले की वर कुठं आणि खाली कुठं, काही उमगायचं नाही. मार फारसा लागला नव्हता, पण त्या ओल्या फरशीवर बसून रडल्या. मास्तर दाराबाहेर.

"कडी काढ गं."

"नाही काढत."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि दाराला टेकून बाहेरच बसले. आत रडणं चालू, बाहेर मास्तर. कितीतरी वेळानं आतून आवाज आला, "अहो, साबण डोळ्यात गेलाय, म्हणून." मास्तर म्हणाले, "हो ना, साबण फार वाईट." त्याच दिवशी त्यांनी भिंतीत धरायला दांडा ठोकून घेतला, आत एक स्टूल ठेवलं आणि घरातले सगळे पायपोस उचलून दुकानात नेले.

डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं. बाई काठी टेकत खोलीत शिरल्या आणि थबकल्या. समोर पांढरा कोट घालून उभी होती ती "फर्स्टगिअर". स्कूलच्या इतिहासातली सगळ्यात भित्री विद्यार्थिनी. ती दुसऱ्या गिअरमध्ये जायलाच तयार नसायची, आणि हे नाव खुद्द बाईंनीच तिला सगळ्यांदेखत ठेवलं होतं.

"या बाई," ती गोड आवाजात म्हणाली. "बसा. घाबरायचं नाही हं."

बाईंना तिथंच अर्धी भोवळ आली.

व्यायाम दिसायला पोरखेळ. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर अंगठ्यावर, आणि मान इकडून तिकडे. चार हेलकाव्यांत बाईंनी टेबलाची कड पकडली.

"अगं, यानं चक्कर येतेय!"

"येतेय म्हणूनच करायचं. डोक्याला कळू दे की आता एकाच बाजूवर भागवायचंय. टाळलं तर ते कधीच शिकणार नाही."

मग एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकत रेषेवरून चालायचं. बाई खाली बघत चालायला लागल्या, तशी पोरगी खच्चून ओरडली, "पायाकडे काय बघताय? पाय कुठं पळून चाललेत का? समोर बघा, समोर!"

हे वाक्य शब्दन् शब्द बाईंचं होतं. खोलीतली दोन-तीन पेशंट माणसं दचकली. बाई इतक्या हसल्या की फिजिओला धावत येऊन त्यांना दोन्ही दंडांना धरावं लागलं.

"शिकलीस की गं," त्या म्हणाल्या.

तरी घरी व्यायाम चुकवायच्याच. मास्तरांना सांगायच्या, झाला. फिजिओला सांगायच्या, दोनदा झाला. ती नुसती मान हलवायला लावायची आणि त्यांचा चेहरा बघून म्हणायची, "बाई, खोटं." या बाबतीत तिची नजर पक्की होती. हळूहळू बाई वठणीवर आल्या. काठीशिवाय गल्लीचं टोक गाठायला लागल्या, किराणा दुकानातल्या उंच रॅकांमधून हेलपाटत का होईना जायला लागल्या.

आणि मग एक साधी सर्दी झाली. तापही नव्हता. पण सकाळी डोळे उघडले तर छत गरगर फिरत होतं, पहिल्या दिवसासारखं. बाईंचं तोंड उतरलं. त्यांनी कोणाला न सांगता मनाशी ठरवून टाकलं की गाठ परत आली. चेष्टा बंद, ओरडणं बंद. मास्तरांनी टाचण्या ओठांतून काढल्या त्या दिवसभर परत लावल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. "नवीन काही दिसत नाही. थकलात, झोप झाली नाही, सर्दी झाली, की मेंदू नवं शिकलेलं थोडं विसरतो. पुन्हा आठवण करून द्यायची. हे होत राहील, पण दर वेळी लवकर निवळेल." मग त्यांनी फाइल मिटली. "आणि भोवळ अशी अचानक येते तोवर गाडी चालवायची नाही."

हे वाक्य बाईंना उजव्या कानानं, स्वच्छ, ऐकू आलं होतं.

घरी मास्तर पुन्हा टाचण्या लावून बसले. नणंद म्हणाली, "त्यात काय, टॅक्सीनं जायचं." बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या मास्तरांकडे बघत होत्या.

"अहो, उद्यापासून तुम्ही शिकायचं."

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. नणंद आणि मी त्या वेचत होतो.

शिकवणी शाळेच्या रिकाम्या मैदानावर सुरू झाली, शाळेची परवानगी घेऊन. बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. "गाडीत मी तुमची बायको नाही. गाडीत मला बाई म्हणायचं, अहोजाहो करायचं. आणि मी तुला अरेतुरे करणार." मास्तर कुरकुरले, पण बसले. अख्ख्या गल्लीनं कुंपणावरून ऐकलं ते असं:

"अरे, शिलाई मशीन आहे का ते? पाय थरथरवतोस काय! एकसारखा दाब!"

"हो बाई. चुकलं बाई."

"क्लच!"

"दाबला बाई. तुम्ही जरा हळू बोलाल का?"

गाडीतून उतरल्या उतरल्या मास्तर म्हणायचे, "अगं, चहा टाकतेस?" आणि बाई म्हणायच्या, "टाकते, तुम्ही पाय धुऊन या." गल्लीला हा तमाशा फुकटात मिळत होता. मैदान झाल्यावर रस्त्यावरचं शिक्षण स्कूलमधल्या दुसऱ्या शिक्षकानं दिलं. मास्तर परीक्षेत एकदा नापास झाले, मग पास.

पुढच्या स्कॅनच्या दिवशी मास्तरांनी पहिल्यांदा त्यांना घेऊन गाडी काढली. बाई शेजारी. निम्म्या रस्त्यात बाई एकदम गप्प झाल्या. ना "आरसा", ना "इंडिकेटर". मास्तरांना वाटलं, आपलं काहीतरी भयंकर चुकलंय. ते घामाघूम झाले, आणि त्या भीतीपोटी त्यांनी गाडी अशी काही अलगद नेली की वळण कधी आलं नि गेलं कळलं नाही. दवाखान्यापाशी गाडी लावून त्यांनी भीत भीत विचारलं, "बाई, रागावलात?"

"भोवळ आली होती," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून समोर डॅशबोर्डवरच्या एका स्क्रूवर खिळलेले होते. "मला वाटलं होतं ओकणार. नाही ओकले. चांगली चालवली तुम्ही."

स्कॅनमध्ये उरलेला तुकडा होता तेवढाच होता, वाढला नव्हता. मास्तरांनी ते कळल्यावर दवाखान्याच्या आवारातच दोनदा हॉर्न वाजवला आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली.

बाई आता स्कूलमध्ये खुर्चीवर बसून नियम शिकवतात. वाईट दिवस येतात. त्या दिवशी त्या भिंत धरून चालतात, अंगठा डोळ्यांसमोर धरतात, आणि कोणी "आता कसं वाटतंय?" विचारलं की "जहाजावर" म्हणतात. अंधारात अजूनही मास्तरांचा दंड धरावा लागतो.

गेल्या महिन्यात त्यांनी मोठ्या माणसांची तीनचाकी सायकल घेतली. फिजिओनं गल्लीपुरती मुभा दिली आहे, वळताना हळू या अटीवर. पुढे टोपली, मागे टोपली, आणि हँडलला गाडीचा जुना हॉर्न. काल मी रस्ता ओलांडत होते तर मागून कर्कश पोंऽऽ झालं आणि मी गटाराच्या कडेवर उडी मारली.

"बघून चालावं माणसानं," बाई जाता जाता म्हणाल्या, आणि डावीकडे बघायचं विसरून, किराणावाल्याच्या पाटीला टोपली घासत पुढे गेल्या.