मामींच्या पाच चौकटी

भोरपासून वेल्ह्यापर्यंत असा एक धंदा नसेल, ज्याच्या चौकटी आमच्या मामांनी काढल्या नाहीत. काम कोण सांगतं, कोण करतं, मंजुरी कोण देतं, एवढं चौकटींत मांडून बाणांनी जोडलं की यंत्र आपणहून सॉफ्टवेअर लिहितं, ही त्यांची श्रद्धा. पुण्यातल्या कंपनीत जन्मभर हेच करून ते कापूरहोळला परतले. हातानं कोड लिहिणारा त्यांच्या लेखी अडाणी. "चित्र बदलायचं, कोडला हात लावायचा न्हाई!" पंक्चरवाल्याच्या धंद्याचं चित्र त्यांनी खडूनं रस्त्यावरच काढलं, आणि त्यावरून टेम्पो गेला म्हणून ड्रायव्हरशी भांडले.

शेवटी पाळी आली मामींच्या खानावळीची. वरव्याजवळच्या एका कारखान्याची माणसं त्या दुपारी जेवण चाखायला येणार होती. पसंत पडलं तर कामगारांचे रोजचे डबे मामींकडे. मामींचा सगळा जीव त्यात अडकलेला. मामांनी मोबाईलवर आचारी, भाकरी, वाढप, खरेदी, गल्ला अशा पाच चौकटी काढल्या, वर मालकाची काढली, तिच्यात स्वतः बसले, खानावळीचा नंबर म्हणून मामींचा घातला, बटण दाबलं आणि माडीवर जाऊन झोपले.

पाहुणे बसले आणि मामींचा मोबाईल बोलू लागला. "आचारी, वाढपी आपली वाट पाहत आहे." लगेच, "वाढपी, आचारी आपली वाट पाहत आहे." मग, "कांद्यासाठी मालकांची मंजुरी बाकी आहे." मामींचे हात पिठात, मोबाईल थांबेना, पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले.

"अहो, खाली या! तुमच्या यंत्रात माणसं पाच, आन् हितं हात दोनच!"

मामा डोळे चोळत उतरले. "यंत्र चुकलं व्हय?"

बायकांच्या कष्टांवर गावोगाव पत्रकं वाटणारी मी तिथंच होते. मी भडकलेच. "यंत्र नाही, मालक चुकलाय! पाच जणांचं काम एका बाईवर, आणि हा माडीवर घोरतोय. याला शोषण म्हणतात, मामा!"

"चौकटीत नावं घालायची ऱ्हायली बघ," म्हणत त्यांनी ती भरायला घेतली. आचारी, मामी. भाकरी, मामी. वाढप, मामी. पुढं बोट चालेना. माझी अख्खी पत्रकं जे करू शकली नाहीत, ते त्या चौकटींनी केलं. मालकाच्या चौकटीत मामी गेल्या, वाढपात मामा. बटण दाबलं, मोबाईल गप्प झाला आणि नवा वाढपी बाह्या सरसावून निघाला. त्यानं साहेबांच्या सदऱ्यावर पिठलं सांडलं, तरी डबे मामींनाच मिळाले.

सगळे गेल्यावर मामांनी एक ताट वाढून मामींपुढं ठेवलं. मामी ताटाकडं बघतच राहिल्या.

मी म्हटलं, "मामा, हा बाण चित्रात नाही."

"नसू दे," ते हळूच म्हणाले. "ह्ये हातानंच लिवावं लागतं."