ओव्याची सुपारी

निपाणीच्या आमच्या गल्लीत माझ्या सुपारीचं फार नाव होतं. हळदीकुंकू असो, बारसं असो, बायका माझ्याकडून वाटीभर सुपारी मागून न्यायच्या. ते नाव मला माझ्या नवऱ्याच्या दारूनं मिळवून दिलं होतं. मला ते ठाऊक होतं, गल्लीला नव्हतं.

हे तंबाखूच्या वखारीत कारकून होते. अक्षर सुरेख, बोलणं मऊ. लग्नाआधी बेळगावला लष्करी कॅम्पात एका ठेकेदाराकडं होते, तिथं ही सवय लागली. वखार सुटली की गुत्त्यावर थांबून दिवेलागणीला घरी यायचे. माझ्यावर हात कधी उगारला नाही, आणि मी त्यावर समाधान मानायची, जणू न मारणं हा काही मोठा गुण होता. पण त्याच वेळी दारावरून वखारीची माणसं जायची. कुणी दोन शब्द बोलायला थांबलं आणि वास आला तर नोकरी जाईल, ही मला धास्ती. म्हणून मी सुपारी करायला लागले.

सुपारी कातरून तुपावर परतायची, तिच्यात बडीशेप, ज्येष्ठमध, वेलदोडा घालायचा. इथवर ती कुणाच्याही घरची. माझ्या सुपारीत मात्र लवंग भरपूर असे आणि भाजलेला ओवा असे. सुपारीत ओवा कुणी घालत नाही. सुंठ, दालचिनी, कापूर असं सगळं करून बघितल्यावर तोंडाचा वास दाबायला ओवाच लागू पडला होता.

आम्हाला एकच मुलगी. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती खलबत्त्यात लवंगा कुटायची आणि संध्याकाळी डबा घेऊन दारात उभी राहायची. हे उंबऱ्याशी आले की म्हणायची, “आप्पा, हात.” चिमूटभर सुपारी तोंडात गेल्याशिवाय त्यांना कुणाशी बोलू द्यायची नाही. शेजारणी कौतुकानं म्हणत, “काय माया गं पोरीची बापावर.” मी हसायची. एवढ्याशा पोरीला मी दारात राखणीला बसवलं होतं आणि वर हसत होते. आज ते हसणं आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

एका संक्रांतीला समोरच्या घरातल्या बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, “तू ह्यात ओवा कशाला घालतीस गं?” मी म्हणाले, “ह्यांचं पोट जरा नाजूक हाय.” मुलगी शेजारीच तिळगूळ वाटत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आपणहून म्हणाली, “आप्पांस्नी उसळ बाधती.” तिला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते माझ्याकडं बघून उचललं. आणि मला काय वाटावं, तर पोरगी हुशार निघाली म्हणून बरं वाटलं.

ती पंधराची झाली तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. संकेश्वरचं स्थळ आलं. उसाची शेती, मुलगा शिकलेला. त्यांनी मुलगी बघून पसंत केली, म्हणून आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं त्यांचं घर बघायला गेलो. पुरुष सोप्यात बसले. मुलाच्या आईनं मला आत नेलं, कुंकू लावलं आणि पितळी डब्यातली सुपारी हातावर ठेवली. तोंडात टाकली तर आधी लवंग लागली, मग ओवा.

ती माझ्याकडंच बघत होती. “बरी झालीय न्हवं?”

“लई छान.”

“आमच्याकडं पोट जरा नाजूक असतंय,” ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

कुणाचं, एवढंच विचारायचं होतं. नवऱ्याचं की मुलाचं? पण मी विचारलं असतं तर ओवा कशासाठी घालतात हे मला कसं ठाऊक, हेही तिला कळलं असतं. बाहेर सोप्यात हे बसले होते, तोंडात माझी सुपारी धरून. निघताना तिनं पुडी दिली, “पोरीला न्या.” मी ती पदराच्या गाठीला बांधली. मोटारीतून टाकून देता आली असती. दिली नाही.

घरी आल्यावर मी पुडी मुलीच्या हातात ठेवली. “तुझ्या सासूनं दिलीया.”

तिनं वास घेतला, तोंडात टाकली नाही. “आई, ह्यात ओवा हाय.”

“असतोय एकेकाच्या घरात.”

“तू खाल्लीस तवा कळलं न्हाय तुला?”

हे तिथंच खुंटीला टोपी अडकवत होते.

“कळलं,” मी म्हणाले.

“मग मला कशाला आणून दिलीस?”

तिनंच नको म्हणावं, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही, एवढ्यासाठी मी ती पुडी आणली होती. पुन्हा तिलाच पुढं केलं होतं.

“मला आता दारात उभं राहायचं न्हाय,” ती म्हणाली. “हितंबी न्हाय आन तिथंबी न्हाय.”

यांचा हात खुंटीवरच राहिला. मागं न वळता म्हणाले, “पत्रिका जुळत न्हाय म्हणून कळवतो.” सुरेख अक्षरात पत्र लिहून त्यांनी मला दाखवलं. मी वाचलं आणि पोस्टात टाका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सुपारीचा डबा कोनाड्यात राहिला. हे आपल्या हातानं घ्यायचे, पण पिणं सुटलं नाही. मुलीला दोन वर्षांनी बेळगावात खासबागेत दिली, घर चांगलं मिळालं.

त्याआधीच, पत्र टाकून महिना झाला असेल, समोरची ती बाई आली. तिच्या धाकटीला संकेश्वरचं तेच स्थळ आलं होतं. “तुम्ही घर बघून आलता न्हवं, कसं हाय?”

माझी मुलगी आत होती. तिला ऐकू जाईल म्हणून मी आवाज खाली आणला. “पत्रिका तेवढी जुळली न्हाय,” मी म्हणाले. “बाकी घर चांगलं हाय.”

चार दिवसांनी ती घर बघून परत आली, थेट माझ्याकडंच, हातात पुडी घेऊन. “माणसं लई चांगली गं,” ती म्हणाली. “आन सुपारी तर अगदी तुझ्यासारखी करत्यात.”

मी पुडीतली चिमूटभर सुपारी घेतली, चावली आणि लग्न कधी धरलंय ते विचारलं.