माळवदाखालचा बाळंतिणींचा वॉर्ड

दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात की तुम्ही खाटेवरच्या माणसाकडे बघता, सलाईनकडे बघता, फार तर पंख्याकडे. पंख्याच्या वर काय आहे, हे कधी विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. वडील चळवळीतले, घरात कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं पत्रकांवरच गिरवली. 'जाब विचारा' हे शब्द मला कुठल्याही गाण्याआधी पाठ झाले. पण ताईची खाट त्या वॉर्डात लागली तेव्हा खाट मिळाली याचंच मोठं समाधान होतं.

ताईचं सासर साखऱ्याकडे. आठव्या महिन्यात तिचं बीपी चढलं आणि तिला जिल्ह्याच्या जुन्या सरकारी दवाखान्यात आणलं. हा दवाखाना आता शिकवण्याचाही झालाय, मेडिकल कॉलेज जोडलंय. इमारत निजामाच्या काळातली: काळा दगड, चुन्यातल्या जाड भिंती, दारांवर कमानी, छताजवळ झरोके. औंढ्याकडून, वारंगा फाट्याकडून उन्हात आलेली माणसं व्हरांड्यात शिरली की आधी दगडाला पाठ टेकतात. मोठ्या दरवाजावर उर्दू अक्षरांची शिळा होती, तिच्यावर आता कॉलेजचा फ्लेक्स आहे. छत माळवदाचं. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती. तुळयांना लोखंडी कड्या आहेत. पूर्वी त्यांना कापडी पंखे टांगलेले असत आणि बाहेर बसलेला माणूस दोरी ओढत राही, असं वडील सांगायचे. पंखे गेले, कड्या राहिल्या. बायकांनी त्यांना झोळ्या बांधल्या.

झोळी बांधायला मनाई होती. सिस्टर सकाळी येऊन रागवायच्या, आणि दुपारी एखादं लेकरू थांबेनाच तर स्वतः येता-जाता झोका द्यायच्या. ताईचं बाळ दिवसांआधी झालेलं. काचेच्या पेटीतून बाहेर आलं तरी इतकं अशक्त होतं की नांदेडचा रस्ता त्याला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे जगायचं तर इथेच, याच खाटेजवळ. आईने जुनं लुगडं आणून झोळी बांधली. शेजारच्या खाटेवर औंढ्याकडची एक सून होती. तिच्या सासूला सगळा वॉर्ड खाला, म्हणजे मावशी, म्हणे. त्यांच्याही नातवाची झोळी त्याच तुळईच्या पुढच्या कडीला.

आईला रोज झोळीची गाठ वर घ्यावी लागे. सकाळी बांधलेली झोळी दुसऱ्या दिवशी फरशीजवळ आलेली असायची. लुगडं जुनं आहे, ताणलं जातंय, असं तिने ठरवून टाकलं. मग नवं आणलं. तेही खाली आलं.

"काहून खाली येऊन राहिली ही?" आई वैतागून म्हणाली.

खाला हसल्या. "तुमारा नवासा दूध पी पी के भारी हो गया, बाई."

"दोन मुठीचं लेकरू ते, भारी कुठून व्हतंय," आई म्हणाली, पण तीही हसली. ताईसुद्धा कितीतरी दिवसांनी हसली. खालाही आपली गाठ रोज वर घेत होत्या. पांघरुणावर सकाळी पिवळसर भुकटी पडलेली असायची, ती दोघी झटकून टाकायच्या.

मग खालांच्या नातवाला कावीळ झाली आणि त्याला निळ्या दिव्याखाली ठेवायला नेलं. झोळी रिकामीच राहिली. तिला कुणी हात लावला नाही. एका सकाळी तिचा तळ फरशीला टेकलेला दिसला. आई आणि खाला दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या झोळीत वजनच नव्हतं.

आईने मान वर केली. मग मी. तुळईच्या मध्यभागी पोट सुटल्यासारखा बाक आला होता, आणि भिंतीत जिथे तिचं टोक शिरतं तिथला चुना सुटून खालचं लाकूड दिसत होतं. वाळवीने खाऊन ते पोळीच्या पापुद्र्यासारखं झालं होतं.

"वरची जुनी माती खरवडलीच न्हाई ह्यांनी," आई हळूच म्हणाली. माळवदाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे कळतं. गळतं म्हणून दरवर्षी नवा थर टाकायचा तर आधी जुना काढावा लागतो. इथे थरावर थर चढले होते. मी जिना चढून वर गेले. मातीवर सिमेंटचा कोबा होता आणि कोब्यावर, बरोबर आमच्या वॉर्डावर, कॉलेजसाठी बसवलेल्या काळ्या टाक्या. भरलेल्या.

मी सिस्टरना सांगितलं, त्यांनी वर सांगितलं, आणि बांधकामाकडचे एक साहेब आले. त्यांनी तुळईकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. त्यांना समजवावं लागेल म्हणून मी तयारी केली होती. गरज पडली नाही.

"मला दिसतंय हो," ते म्हणाले. "पण वॉर्ड रिकामा केला तर खाटा कमी भरतील. कॉलेजची तपासणी येऊन राहिली. तपासणीत खाटा मोजतात."

"आणि छत?"

"छत न्हाई मोजत."

त्या संध्याकाळी आम्ही ताईची खाट ओढून व्हरांड्याच्या दारात, दगडी कमानीखाली नेली. खालांनी सुनेची खाट पलीकडच्या दारात लावली. त्याच रात्री सिस्टरनी दोन्ही परत जागेवर लावायला सांगितल्या. त्यांच्यावरही वरून दाब होता. ताई बाळाला उशाशी न ठेवता स्वतःच्या पोटाखाली घेऊन, पाठ वर करून झोपू लागली. डॉक्टरांनी तसं झोपू नको म्हणून बजावलं होतं.

आणि मग माणसं आली, पण तुळईला टेकू द्यायला नाही. तुळयांच्या खाली त्यांनी पांढऱ्या चौकोनांचं नवं छत बसवलं. गुळगुळीत, दिव्यांसकट. कड्या दिसेनाशा झाल्या, झोळ्या बंद झाल्या, भुकटी पडायची थांबली. तपासणीच्या दिवशी कॉलेजच्या एक मॅडम पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींना घेऊन ताईच्या खाटेशी आल्या. हात लावायच्या आधी नीट बघा, हे त्या शिकवत होत्या. सगळ्यांनी ताईकडे नीट बघितलं. मी वर बोट केलं तेव्हा एका पोरीने वर बघितलं आणि म्हणाली, "हो, छान झालंय ना आता."

तिचा तो चांगुलपणाच होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. पांढऱ्या छताच्या आतून टकटक असा बारीक आवाज यायचा. आधी आम्हाला झोळी सांगायची, आता सांगणारं काही उरलं नव्हतं.

मी पत्रक लिहिलं. गेटवर वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली, काहींनी वाचलंही.

बाळाने वजन धरलं आणि ताईला घरी सोडलं. निघताना तिच्या खाटेवर दुसरी बाई येऊन बसलीसुद्धा. पोरगी म्हणावी एवढीच, दिवस भरलेली. ताईने तिला कानात सांगितलं, "खाट कमानीखाली ओढून घे, कुणी काही म्हणो." ती पोरगी वर बघून गोंधळली. वर पांढरं, स्वच्छ छत होतं. तिने खाट ओढली नाही. मी रिक्षात बसेपर्यंत मागे वळून बघत होते.

टाक्या अजून वर आहेत. वॉर्ड भरलेला आहे.

तुमच्या तालुक्यातही दगडी भिंतींचा, आतून नवा दिसणारा एखादा दवाखाना असेल. या आठवड्यात तिथे जा. वरचा एक पांढरा चौकोन काढून दाखवा, असं सांगा. आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत निघेपर्यंत तिथून हलू नका.